मापाची वही

दुकानाच्या वरच्या फळीवर सव्वीस वर्षांच्या वह्या.
नाव, छाती, कंबर, दंड, कोपऱ्यात तारीख.
वडगावच्या बायका डॉक्टरला काहीही सांगोत,
मला सांगावंच लागत नाही,
टेप माझ्या गळ्यात असते.

सुगंधा पाटणेकर: अडतीस. बेचाळीस.
डब्यातल्या पावडरीवर चाळीस.
लेकीच्या लग्नात पुन्हा बेचाळीस, वर एक सूत.
त्रिशला चौगुले सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत नाही,
चातुर्मासात एकाशनं करते,
आणि दिवाळीच्या तोंडावर हळूच म्हणते,
"अक्का, बाही जरा सैलच ठेवा."
हुंदरेबाई पहाटे व्हॅक्सिन डेपोत, झाडांखाली चार फेऱ्या,
येताना दोन इडल्या, एक वडा.
फेऱ्या मोजतात, वडा नाही.
मेहजबीननं पोटाचं ऑपरेशन केलं.
वर्षात तीनदा आत घेतले तिचे कमीज.
चौथ्यांदा आली तेव्हा आरशापुढे बराच वेळ उभी राहिली,
म्हणाली, "ही कोण, ते अजून ठरायचंय."

शिवणीच्या आत जे कापड सोडतो त्याला आम्ही माया म्हणतो.
दोन्ही अंगांना बोटभर.
उत्साहात असलेल्या बायका म्हणतात, कापून टाका,
आता काय मी परत जाड होत नाही.
मी बरं म्हणते
आणि दुमडून आतच ठेवते.

माझं पान कोरं होतं.
शिंप्याच्या अंगाला कोण टेप लावतंय?
तिसऱ्या गेटच्या पुलावर दम लागून कठडा धरला,
एक कॉलेजचं पोरगं स्कूटर थांबवून म्हणालं, "आजी, सोडू काय?"
एकोणपन्नास माझं वय.
त्या दिवशी ठरलं. कागदं वाचून नाही,
साखरेच्या रिपोर्टवरनंसुद्धा नाही.
डॉक्टरनं मात्र सगळं नीट मांडलं होतं,
गोळी, सुई, ऑपरेशन, नुसतं पथ्य.
मी सुई म्हटलं.
जन्मभर सुईवर पोट भरलं,
आता सुईनंच आवरावं त्याला.

महिन्याची सुई म्हणजे अस्तराचे बावीस ब्लाऊज.
हिशेब असाच येतो मला.
फ्रीजमध्ये लोण्याच्या वाटीमागं ठेवते,
लाइट गेली की यंत्रमाग थांबल्याचं दुःख ह्यांना,
मला त्या डबीचं.
दुसऱ्या आठवड्यात मळमळ,
फोडणीचा वास आला तरी अंगणात जाऊन बसायची.
मंगाईच्या यात्रेत सोडून दिली.
पाहुणे, मटण, आणि जावेचं ते,
"काय गं, जेवूनाचलालीस, भरल्या घरात?"
भाद्रपदात परत सुरू केली.
मग पैसे नव्हते, दोन महिने नाही.
मग परत.
ह्याला टिकणं म्हणत असतील तर मी टिकले.

एक वाजता नीलव्वा काजं करता करता विचारते,
"अक्का, ऊट आयता?"
इकडं नमस्काराऐवजी हेच विचारतात,
कानडीत विचारतात, मराठीत विचारतात.
आयतु म्हणावं तर खोटं,
इल्ला म्हणावं तर ती आपला डबा उघडते.
भूक कुठं गेलीय ते मलाच ठाऊक नाही.
कधी कधी तिची आठवण येते,
सणाला माहेरी गेलेल्या जावेसारखी,
भांडायची, पण घरात आवाज होता.

परवा शटर अर्धं ओढलं,
टेप गळ्यातनं काढून नीलव्वाला दिली.
तिचे हात थरथरत होते, मी पोट आत ओढत होते,
दोघींनाही हसू आलं.
"नलवत्तोंदु," ती म्हणाली.
आरशातल्या माझ्याकडं न बघता मी म्हटलं, लिही.
तिनं कानडी आकड्यात लिहिलं, पेन्सिलनं,
माझ्याच वहीत, माझ्या नावापुढं.
तारीख विसरली.

तेवढ्यात शटर वाजलं. हुंदरेबाई.
पदराखालून ब्लाऊज काढून म्हणाल्या,
"काखेत आवळूलालंय बघा, धुतल्यावर आटलं असंल."
"आटलं असंल," मी म्हटलं,
आणि टाके उसवायला बसले.